जुनं ॲटम नेटबुक, १ जीबी रॅम: कोणतं हलकं लिनक्स टाकावं?

गवतीचहा

नमस्कार मंडळी. एक जुनं नेटबुक गावच्या वाचनालयात ठेवायचं आहे. तपशील असे: इंटेल ॲटम एन४५५ (१.६६ गिगाहर्ट्झ, एक कोअर, दोन थ्रेड), १ जीबी डीडीआर३ रॅम, २५० जीबीची फिरती हार्डडिस्क, १०.१ इंची पडदा १०२४×६००. आत विंडोज ७ स्टार्टर आहे, ते काढायचं.

त्यावर होणारी कामं अशी: मराठी टंकन, वर्तमानपत्रांच्या पीडीएफ, मेल, अधूनमधून यूट्यूबवरची व्याख्यानं आणि वाचनालयाच्या जुन्या वर्ड फाइली उघडणं. अँटीएक्स, लुबुंटू, पपी, बोधी, साधं डेबियन अशी नावं वाचली. यातलं कोणतं टाकावं? ३२ बिट की ६४ बिट? थोडा खर्च करायची तयारी आहे, फक्त तो कुठे करावा ते सांगा.

कळफलक

अँटीएक्स. दुसरा विचारच नको.

टर्मिनलवाला

नाव शेवटी ठरवू, आधी यंत्र बघू. अशा यंत्रांवर लोक आठ वितरणं (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्या) टाकून बघतात आणि आठही वेळा तिथेच अडकतात, कारण अडचण १ जीबी रॅम आणि फिरती डिस्क यांची असते. डेस्कटॉप दीडशे एमबीत बसो की चारशेत, ब्राउझर उघडला आणि त्यात मेलचं एक पान लावलं की पाच-सहाशे एमबी तोच खातो. रॅम संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्कवरच्या स्वॅपकडे, म्हणजे रॅमऐवजी वापरायच्या राखीव जागेकडे वळतो. ५४०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला जेमतेम शंभर-एक विखुरलेली वाचनं करते, म्हणून माउसचा बाण गोठतो. लोक याला 'लिनक्स हँग झालं' म्हणतात.

त्यामुळे खर्च याच क्रमानं करा:

१. रॅम २ जीबी. एन४५५ ची कमाल मर्यादाच तेवढी आहे.
२. १२० किंवा १२८ जीबीची अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची पद्धत) एसएसडी. तुमच्या यंत्रातला साटा दुसऱ्या पिढीचा आहे, म्हणजे ३०० एमबी प्रतिसेकंद ही वरची सीमा. महागडी वेगवान एसएसडी घेऊन काही मिळणार नाही, साधी घ्या. इथे फायदा सलग वेगाचा नसून विखुरलेल्या वाचनाचा आहे.
३. सीमॉसची बटण बॅटरी.

हार्डडिस्क ठेवायचीच असेल तर आधी स्मार्टमॉनटूल्सनं तपासा. पाच नंबरचा गुण (बदलून दिलेले सेक्टर) आणि १९७ नंबरचा (प्रलंबित सेक्टर) शून्य हवेत. १९७ चा आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर नवं काहीच टाकू नका.

पिंपळपान

बाकी सगळ्याला +१, पण एक प्रश्न राहिला: ३२ की ६४. १ जीबीवर ३२ बिटच टाकावं. ६४ बिटमध्ये प्रत्येक पॉइंटर चाराऐवजी आठ बाइटचा होतो, तोच प्रोग्रॅम जास्त जागा घेतो. ब्राउझरसारख्या पॉइंटरांनी भरलेल्या प्रोग्रॅमला हे जास्त लागतं. छोट्या रॅमवर हा फरक चांगलाच जाणवतो.

आडवाट

@पिंपळपान, हिशोब बरोबर आहे, पण त्याची मुदत संपत आलीय. ३२ बिटचं पुढे काय उरलंय ते पाहा.

क्रोमनं ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. लुबुंटूची ३२ बिट असलेली शेवटची दीर्घ आधाराची आवृत्ती १८.०४. डेबियन १३ (ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५) मध्ये ३२ बिटचा कर्नल नाही आणि इन्स्टॉलरही नाही. त्या पॅकेजांचा उपयोग फक्त ६४ बिट यंत्रावर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरता राहिला. मिंटच्या डेबियनवर बेतलेल्या आवृत्तीत एलएमडीई ६ ला ३२ बिट होतं, एलएमडीई ७ ला नाही. मोझिलानंही फायरफॉक्स १४५ पासून ३२ बिट लिनक्सची बांधणी बंद केली. फायरफॉक्सच्या लांब आधाराच्या ईएसआर १४० आवृत्तीला किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळतील असं त्यांनी जाहीर केलं आहे.

वाचनालयातलं यंत्र म्हणजे दहा माणसं त्यावर आपापले मेल उघडणार. तिथे ब्राउझर शिळा ठेवून चालत नाही. एन४५५ हा ६४ बिट प्रोसेसर आहे, २ जीबी रॅम लावा आणि ६४ बिटच टाका. खात्रीसाठी कोणतंही लाइव्ह लिनक्स चालू करून टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही कमांड द्या. वरच्या ओळींत '३२-बिट, ६४-बिट' असं दोन्ही दिसलं पाहिजे.

पिंपळपान

मान्य. माझ्या डोळ्यांसमोर एन२७० होता. २००८ सालच्या त्या पहिल्या पिढीच्या नेटबुकांमध्ये ६४ बिट नाहीच. तशा यंत्राला आज अँटीएक्स २३ किंवा डेबियन १२ ची ३२ बिट आवृत्ती असे मोजकेच मार्ग उरतात. एन४५५ साठी माझं मत बदलतो, पण २ जीबी रॅम लावणार असतील तरच.

सातारी_कंदी

पपी लिनक्सचं नाव कुणी घेत नाही? सगळी प्रणाली रॅममध्ये उचलून घेते, पेनड्राइव्हवरून चालते, डिस्क मेलेली असली तरी काम होतं. बुकवर्मपप बघा, डेबियन १२ ची पॅकेजं चालतात.

रानवारा

पपी मलाही आवडतं, मोडक्या यंत्रातून फाइली बाहेर काढायला तर फारच. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. प्रणाली रॅममध्ये उचलणं हा ४ जीबीवर फायदा असतो; १ जीबीवर तीच रॅम ब्राउझरच्या वाट्यातून जाते. दुसरं, पपीत नेहमीचा वापर रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून होतो. घरच्या एकट्याच्या यंत्रावर एकवेळ चालेल. वाचनालयात नको, तिथे कुणीही काहीही पुसू शकेल.

लुबुंटूबद्दलही सांगतो. २२.०४ पासून उबुंटू परिवारात फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात येतो. स्नॅप म्हणजे दाबून बांधलेलं गाठोडं, उघडताना सोडवावं लागतं. एका कोअरच्या ॲटमला ते सोडवणं जड जातं आणि पहिल्यांदा ब्राउझर उघडताना वाट बघत बसावं लागतं. एलएक्सक्यूटी डेस्कटॉप चांगला आहे, पण तो डेबियनवरही मिळतो.

गवतीचहा

सगळ्यांचे आभार. रॅम घ्यायची तर नेमकी कोणती? दुकानदारानं '४ जीबीची घ्या, भविष्यात उपयोगी पडेल' असं सांगितलं.

टर्मिनलवाला

४ जीबीची घेऊ नका. एन४५५ मधला मेमरी कंट्रोलर २ जीबीपुढे जातच नाही. ४ जीबीची स्टिक लावल्यावर अर्धी रॅम दिसेल अशी आशा धरू नका, बहुतेक वेळा पडदा काळाच राहतो.

मागायची अशी: लॅपटॉपची, २०४ पिनांची, डीडीआर३, २ जीबी, एकच स्टिक. (नेटबुकात सहसा एकच खाच असते, म्हणून जुनी १ जीबी काढावी लागेल.) १०६६ किंवा १३३३ ची मिळाली तरी ती खालच्या वेगानं चालते. व्होल्टेज दीड हवं. १.३५ ची स्टिक दीडवरही चालणारी असेल तर हरकत नाही. खरेदीआधी खालचं झाकण उघडून जुन्या स्टिकवरचं लेबल वाचा. एन४५० असेल तर डीडीआर२ लागते, दोघींची खोबण वेगळ्या जागी असते. लावल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) एकदा पूर्ण फिरू द्या. जुन्या बाजारातली रॅम असेल तर हे टाळू नका. खराब रॅममुळे इन्स्टॉलर मध्येच कोसळतो आणि दोष आयएसओ फाइलला दिला जातो.

एसएसडीबद्दल एक राहिलं. त्या ७ मिमी जाडीच्या येतात, जुन्या नेटबुकात खोबण साडेनऊची असते. सोबत प्लॅस्टिकची चौकट आली तर लावा, नाहीतर स्क्रूच्या पट्टीवर घट्ट बसतेय ना ते पाहा.

शाईपेन

मराठी टंकनाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, आणि वाचनालयात तेच मुख्य काम असणार. म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेक जण आयबस हा टंकनाचा प्रोग्रॅम आणि त्यावर एम१७एन हा मांडण्यांचा संच लावतात. चालतं छान, पण आयबसच्या चार-पाच प्रक्रिया कायम पार्श्वभूमीत राहतात. २ जीबीच्या यंत्रावर त्याची गरज नाही. एक्सच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेच्या) कीबोर्ड व्यवस्थेतच मराठी आहे आणि तिला वेगळी रॅम लागत नाही. ईटीसीमधल्या डीफॉल्ट फोल्डरात कीबोर्ड नावाची फाइल आहे. त्यात तीन ओळी बदला:

लेआउट: 'यूएस', स्वल्पविराम, 'आयएन'
व्हेरिएंट: आधी स्वल्पविराम, मग 'मार-कागापा'
ऑप्शन: 'जीआरपी', अपूर्णविराम, 'ऑल्ट_शिफ्ट_टॉगल'

दोन गोष्टींत लोक अडकतात. व्हेरिएंटच्या ओळीत पहिला स्वल्पविराम विसरला तर मराठीची मांडणी इंग्रजी लेआउटला लावायचा प्रयत्न होतो आणि काहीच चालत नाही. आणि मध्ये मोकळी जागा सोडायची नाही. बदल केल्यावर यंत्र पुन्हा सुरू करा. ऑल्ट-शिफ्टनं भाषा बदलेल.

कागापा ही उच्चारानुसारी मांडणी आहे, म्हणून फोनवर रोमनमधून मराठी लिहिणाऱ्यांना पटकन जमते. ज्यांना इनस्क्रिप्ट येतं त्यांनी व्हेरिएंट मोकळा ठेवावा, नुसतं 'आयएन' म्हणजे देवनागरी इनस्क्रिप्टच. त्यात ळ हा शिफ्ट आणि एनवर, पाऊण र म्हणजे ऱ हा शिफ्ट आणि जेवर. 'सुऱ्या', 'दऱ्या' लिहिताना शिफ्ट-जे, मग डीवरचा हलन्त, मग य. साध्या र ला हलन्त लावला तर 'सुर्या' होतं, ते वेगळं.

फॉन्टसाठी लोहित देवनागरीसोबत लोहितचं मराठीचं वेगळं पॅकेजही डेबियनमध्ये आहे. ते लावलं की ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत. वाचनालयातल्या ज्येष्ठ वाचकांना हा फरक लगेच कळतो. छपाईसाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता घ्या, मुक्त परवान्याचा आहे.

आणि हो, एक्सटर्म या टर्मिनलात देवनागरी जोडाक्षरं तुटतात. तो दोष फॉन्टचा नाही, त्या प्रोग्रॅमला अक्षरजोडणी येत नाही. टर्मिनलात मराठी हवंच असेल तर एमएलटर्म वापरा.

कळफलक

@शाईपेन, वाचनखूण साठवली. स्वल्पविरामाची गोष्ट कुठेच लिहिलेली नसते.

आडवाट

गवतीचहा यांनी जुन्या वर्ड फाइलींचा उल्लेख केला आहे. त्या २००५ च्या आसपासच्या असतील तर बहुधा युनिकोडमध्ये नसणार. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबीटीटी सुरेख अशा फॉन्टांत देवनागरीची चित्रं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडली की मजकुराऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते.

नुसतं वाचायचं असेल तर विंडोज पुसण्याआधी त्याच्या फॉन्ट्स फोल्डरातून ते फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या (परवाना तुमचा असेल तर). लिनक्सवर घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या 'लोकल' मध्ये 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स' असं फोल्डर करून तिथे टाका आणि एफसी-कॅश चालवा. मजकूर शोधता यावा, पुन्हा वापरता यावा असं वाटत असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या. प्रत्येक फॉन्टाची तक्ता-मांडणी वेगळी, म्हणून परिवर्तक निवडताना फॉन्टाचं नेमकं नाव जुळलं पाहिजे. बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि ऱ्य तपासा, चुका तिथेच होतात.

हे काम विंडोज पुसण्याआधी करा. नंतर ते फॉन्ट शोधत बसावं लागतं.

चिमणचारा

यूट्यूबचं काय? एन४५५ वर ते चालेल असं मला वाटत नाही. ब्राउझरमध्ये ३६०पी सुद्धा अडखळतं.

रानवारा

@चिमणचारा, ब्राउझरमध्ये नाही चालणार, कारण यूट्यूब बहुतेकदा व्हीपी९ किंवा एव्ही१ या स्वरूपांत व्हिडिओ पाठवतं. ते उलगडण्याचं काम या ग्राफिक्सला येत नाही, सगळा भार एका कोअरवर पडतो. ब्राउझरमध्येच बघायचं असेल तर एच२६४ हे हलकं स्वरूप मागणारं विस्तारक लावा, थोडा फरक पडतो.

खरा उपाय एमपीव्ही (व्हिडिओ प्लेअर) आणि वायटी-डीएलपी (यूट्यूबवरून व्हिडिओ आणणारा प्रोग्रॅम). एमपीव्हीला 'वायटीडीएल-फॉरमॅट' मध्ये १८ द्या. १८ म्हणजे ३६०पी, एच२६४, आवाज आणि चित्र एकाच फाइलमध्ये. व्याख्यानाला तेवढं पुरे, आणि ॲटमला ते पेलतं. ४८०पी कधी चालतं कधी नाही, ७२०पी चा नाद सोडा. वायटी-डीएलपी भांडारातली जुनी घेऊ नका. यूट्यूब वरचेवर बदलत असतं, चार महिन्यांपूर्वीची आवृत्ती एके दिवशी अचानक बंद पडते. प्रकल्पाच्या पानावरून ताजी घ्या.

ग्राफिक्सबद्दल: एन४५५ मध्ये जीएमए ३१५० आहे. त्यासाठी एक्सचा 'इंटेल' ड्रायव्हर लावलेला आहे ना ते बघा. तो असला की एक्सव्ही मिळतं, आणि एमपीव्हीला दृश्य-निर्गम म्हणून एक्सव्ही दिलं की चित्र ताणण्याचं काम प्रोसेसरवरून उतरतं. सावल्या, पारदर्शकता असलं काही चालू ठेवू नका, कंपोझिटर बंदच हवा.

एन२६०० किंवा एन२८०० वाल्या वाचकांसाठी: त्यात जीएमए ३६०० मालिका आहे, ती मूळ पॉवरव्हीआरची. तिला लिनक्समध्ये त्रिमितीय प्रवेगच नाही. नुसतं टंकन आणि वाचन असेल तर ठीक, त्यापुढे अपेक्षा ठेवू नका.

घड्याळजी

वर टर्मिनलवाला यांनी सीमॉस बॅटरी तिसऱ्या क्रमांकावर लिहिली, पण का ते लिहिलं नाही.

ती मेली की चार्जर काढल्यावर यंत्राची तारीख मागे जाते, २००९-१० च्या आसपास. मग ब्राउझर प्रत्येक सुरक्षित पानावर प्रमाणपत्राची चूक दाखवतो, कारण त्याच्या मते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. ॲप्टही (पॅकेजं बसवणारं साधन) 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणून नकार देतं. लोक वायफाय, डीएनएस, वितरण सगळं बदलून बघतात. आधी डेट ही कमांड देऊन तारीख पाहा.

अनेक नेटबुकांत ती सीआर२०३२ असते, पण दोन वायरी आणि छोटा प्लग जोडलेली, वर काळं आवरण. सुटी बॅटरी घेऊन त्यावर डाग देण्यापेक्षा वायरीसकट तयार मिळते ती घ्या. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मिळते. झाकण उघडलंच आहे तर पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, साबुदाण्याच्या दाण्याएवढी पुरते.

सातारी_कंदी

साबुदाण्याचं माप कायमचं लक्षात राहील. :)

टर्मिनलवाला

आता नाव. २ जीबी आणि एसएसडी झाली असं धरून माझं मत: डेबियन १३, नेटइन्स्ट (बाकीचं इंटरनेटवरून घेणारा छोटा इन्स्टॉलर), वर आइसडब्ल्यूएम (हलका खिडकी-व्यवस्थापक). कारण आधार लांबचा आहे, एलटीएस (वाढीव आधार) धरून जून २०३०. ॲटमही त्याला चालतो. अल्मालिनक्स ९ सारख्या काही वितरणांनी प्रोसेसरची किमान पातळी व्ही२ केली आहे. तिला एसएसई४.२ लागतं, ते एन४५५ मध्ये नाही, म्हणून ती सुरूच होणार नाहीत. डेबियन अजून मूळ पातळीवर आहे.

पायऱ्या:

इन्स्टॉलरमध्ये सॉफ्टवेअर निवडीच्या पानावर सगळे डेस्कटॉप काढून टाका, फक्त 'स्टँडर्ड सिस्टीम युटिलिटीज' ठेवा. पहिल्यांदा सुरू झाल्यावर शिफारस केलेली पॅकेजं वगळून हे घ्या: एक्सऑर्ग, आइसडब्ल्यूएम, लाइटडीएम, पीसीमॅनएफएम, एलएक्सटर्मिनल, नेटवर्कमॅनेजर आणि त्याचं ॲप्लेट, फायरफॉक्स-ईएसआर, म्यूपीडीएफ, एमपीव्ही, लिबरऑफिस-रायटर.

शिफारसी वगळल्या की तीन गोष्टी हमखास राहतात, त्या हातानं घाला: यूडिस्क्स२, जीव्हीएफएस आणि एलएक्सपोलकिट. या नसतील तर पेनड्राइव्ह खोचला तरी फाइल व्यवस्थापकात दिसत नाही.

वायफायचा नेहमीचा गोंधळ: इन्स्टॉल करताना वापरलेलं जोडणीचं कार्ड ईटीसी-नेटवर्क-इंटरफेसेस या फाइलमध्ये नोंदलं जातं. नेटवर्कमॅनेजर ते पाहून बाजूला होतो आणि ॲप्लेटमध्ये 'डिव्हाइस नॉट मॅनेज्ड' दिसतं. त्या फाइलमध्ये लूपबॅकच्या ओळी ठेवून बाकीच्यांपुढे हॅश चिन्ह लावा आणि यंत्र पुन्हा सुरू करा.

कार्ड ब्रॉडकॉमचं असेल तर त्याचं बी४३ फर्मवेअर डेबियनला स्वतः वाटता येत नाही, म्हणून इन्स्टॉलरमध्ये नसतं. फोन यूएसबी केबलनं जोडा आणि टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते तारेच्या नेटवर्कसारखं दिसतं, इन्स्टॉलरमध्येही. मग फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर घ्या. अथेरॉसचं एआर९२८५ असेल तर काहीच लागत नाही.

रॅमसाठी झेडरॅम-टूल्स आणि अर्लीओओएम. झेडरॅमस्वॅपच्या फाइलमध्ये पर्सेंट ५० करा. अल्गोरिदम एलझेड४ ठेवा. झेडएसटीडी जास्त दाबतो खरा, पण दाबण्या-सोडण्याचा खर्च या प्रोसेसरला जाणवतो. स्वॅपिनेस (स्वॅप किती सहज वापरायचा याचा आकडा) १०० करा. झेडरॅमवर स्वॅप म्हणजे रॅममधलाच दाबलेला कप्पा, तिथे जायला कर्नलनं संकोच करायचं कारण नाही. अर्लीओओएम रॅम पूर्ण संपण्याआधी सर्वांत जड प्रक्रिया बंद करतो, सहसा ब्राउझरचा एखादा टॅब. आख्खं यंत्र गोठण्यापेक्षा एक टॅब गेलेला परवडला. झेडरॅमवर हायबरनेट होत नाही, ते हवं असेल तर डिस्कवर वेगळा स्वॅप ठेवा.

एक महत्त्वाचं, डेबियन १३ मध्ये नवीन आलेलं: टेंप फोल्डर आता रॅममध्ये असतो आणि रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकतो. एखाद्या प्रोग्रॅमनं तिथे मोठी फाइल ठेवली की यंत्र दमतं आणि कारण सापडत नाही. सिस्टीमसीटीएल मास्क टेंप.माउंट अशी कमांड देऊन यंत्र पुन्हा सुरू करा, टेंप डिस्कवर येतो.

फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाका, या यंत्रावर त्याच्याइतका वेग दुसरं काही देत नाही. कॉम्पॅक्ट घनता निवडा, ६०० पिक्सेल उंचीत प्रत्येक ओळ मोलाची आहे.

कळफलक

@टर्मिनलवाला, सगळं पटतं, पण हे सगळं हातानं कुणी करायचं? पहिल्या प्रतिसादात नुसतं नाव लिहिलं, आता कारणं देतो.

अँटीएक्समध्ये तुम्ही सांगितलेलं बरंचसं तयार मिळतं. आइसडब्ल्यूएम आहे, पेनड्राइव्ह आपोआप दिसतो, वायफायची फर्मवेअर भरपूर, एक नियंत्रण केंद्र आहे. सिस्टीमडी (सेवा सुरू करणारी नेहमीची व्यवस्था) नाही, त्यामुळे सुरुवातीला चालणाऱ्या सेवा मोजक्या. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून केलेले बदल तिथेच साठवता येतात, म्हणजे हार्डडिस्कला हात न लावता आठवडाभर वापरून बघता येतं. २५६ एमबीच्या पेंटियम ३ पर्यंतची यंत्रं डोळ्यांसमोर ठेवून ते बांधलेलं आहे.

नवख्या माणसाला नेटइन्स्टपासून सुरुवात करायला लावलं तर तो वायफायपाशीच सोडून देईल.

आडवाट

दोघांचं बरोबर आहे. फरक यंत्राचा नाही, सांभाळणाऱ्याचा आहे. वाचनालयात नंतर कोण बघणार? डेबियनवर काही अडलं तर उत्तरं सगळीकडे मिळतात. अँटीएक्समध्ये सिस्टीमडी नसल्यामुळे इंटरनेटवरच्या निम्म्या सूचना जशाच्या तशा लागू होत नाहीत. सेवा चालू-बंद करायची कमांडच वेगळी. @गवतीचहा, देखभाल तुम्हीच करणार असाल तर डेबियन. यंत्र देऊन मोकळं व्हायचं असेल तर अँटीएक्स.

जांभूळबन

धागा उत्तम चाललाय. अवांतर विचारतो: २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण) असलेला झेड३७३५एफ ॲटम वाला छोटा लॅपटॉप आहे. पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नाही. सिक्युअर बूट बंद केलं आहे.

रानवारा

@जांभूळबन, त्यात प्रोसेसर ६४ बिट आणि यूईएफआय (यंत्र सुरू करणारं फर्मवेअर) ३२ बिट अशी जोडी आहे. बऱ्याच वितरणांच्या पेनड्राइव्हवर फक्त ६४ बिटची बूट फाइल असते, ती या फर्मवेअरला दिसत नाही. डेबियनच्या ६४ बिट इन्स्टॉलरमध्ये ३२ बिट यूईएफआयची सोयही आहे, तो वापरा. ईएमएमसी बदलता येत नाही, म्हणून नोंदी आणि ब्राउझरची कॅश आटोक्यात ठेवा.

गवतीचहा

हातातली माहिती सांगतो. २ जीबी रॅम आणि १२० जीबी एसएसडी लावली, बॅटरी बदलली. जुने फॉन्ट आणि फाइली आधीच काढून घेतल्या (@आडवाट, त्यात दोन फाइली श्रीलिपीतल्याच निघाल्या).

आधी अँटीएक्स २३ ची ६४ बिट आवृत्ती लाइव्ह चालवली. डेस्कटॉप आल्यावर फ्री कमांडनं वापर दोनशे एमबीच्या आत दाखवला. वायफाय, आवाज, प्रकाशाची बटणं चालली. नंतर डेबियन १३ टर्मिनलवाला यांच्या पायऱ्यांनी टाकलं, तिथे अडीचशेच्या आसपास. फायरफॉक्समध्ये मेल आणि एक बातमीचं पान उघडल्यावर दोन्हीकडे आकडा जवळपास सारखाच झाला. देखभाल माझ्याकडेच आहे, म्हणून डेबियन ठेवतो. इंटरफेसेस फाइलमध्ये तंतोतंत तेच झालं होतं, हॅश लावल्यावर वायफाय आलं. 'वाचक' नावाचं वेगळं खातं केलं आहे, त्याला सुडो (रूटचे अधिकार) नाही. कागापा चालतंय.

दोन गोष्टी उरल्या. काही खिडक्या पडद्यापेक्षा उंच आहेत, 'ओके'चं बटण खाली जातं. आणि मोठ्या स्कॅन केलेल्या पीडीएफ म्यूपीडीएफमध्ये पान उलटताना थांबतात.

कळफलक

खिडकीसाठी ऑल्ट दाबून माउसनं कुठेही धरा आणि वर ओढा, शीर्षकपट्टी पडद्याबाहेर गेली तरी चालतं. किंवा ऑल्ट-एफ७ आणि मग बाणाच्या कळा.

टर्मिनलवाला

पीडीएफच्या पानांचं रिझोल्यूशन बघा. पॉपलर-युटिल्समधल्या पीडीएफइमेजेसला 'लिस्ट' पर्याय दिला की प्रत्येक चित्राचे डीपीआय दिसतात. ६०० डीपीआयची रंगीत पानं असतील तर ॲटमला प्रत्येक पान उलगडायला वेळ लागणारच. दुसऱ्या वेगवान यंत्रावर घोस्टस्क्रिप्टनं 'ईबुक' ठेवणीत काढून घ्या, चित्रं १५० डीपीआयला उतरतात. १०२४ रुंदीच्या पडद्यावर वाचायला तेवढं पुरतं. मूळ फाइली वेगळ्या ठेवा, संग्रहासाठी त्याच लागतील.

गवतीचहा

ऑल्ट-एफ७ चाललं, 'ओके' दिसलं. पीडीएफइमेजेस चालवून पाहिलं, पानं ६०० डीपीआयचीच आहेत. दिवाळी अंकांचे चार गठ्ठे आज रात्री १५० वर उतरवायला लावतो.